पाच दिवसांचं विलीनीकरण आणि पुढची आठ वर्षं

(सीमाभागातील युवकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आज बेळगावबद्दल फार बोलणार नाही. आपला लढा तुम्हाला घरातूनच कळतो, शाळेत जायच्या आधी १ नोव्हेंबर पाठ होतो. आज आपल्याच सीमेच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊया. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद. आपल्या नकाशात ही नावं असतात, आपल्या बोलण्यात मात्र क्वचित येतात. बेळगाव, कारवार मुंबई प्रांतातून कर्नाटकात गेले. ही गावं मात्र एका वेगळ्याच राज्यातून आली. ते राज्य होतं हैदराबाद संस्थान.

१७ सप्टेंबर ही एकच तारीख घ्या. लातूर-नांदेडला त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. सीमेपलीकडे बीदरला त्याच दिवशी कल्याण कर्नाटक उत्सव असतो. तेलंगणात तर या दिवसाला काय म्हणायचं यावरूनच पक्षापक्षांत भांडण आहे, कुणी मुक्तिदिन म्हणतं, कुणी एकात्मता दिन. एकच राज्य, एकच दिवस, पण आठवण तीन तुकड्यांत. हे असं का झालं, ते आज बघायचं आहे.

आधी राज्य कसं होतं ते समजून घेऊ. सोळा जिल्हे. त्यांतले आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड, आणि त्या तिनांतला बीदर तर मिश्रच. लोकसंख्या १९४१ साली दीड कोटीच्या वर. त्यातले जवळपास निम्मे तेलुगू बोलणारे, चौथाईच्या आसपास मराठी, आणि कन्नड नि उर्दू बोलणारे प्रत्येकी दहा-बारा टक्के. स्वतःचं चलन होतं, त्याला हाली शिक्का म्हणत. स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, स्वतःची जकात. सोलापूरहून गुलबर्ग्याकडे माल न्यायचा तर मध्ये नाका.

आणि कारभाराची भाषा उर्दू. त्याआधी फारसी होती, १८८० च्या दशकात उर्दू आली. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, उच्च शिक्षण उर्दूतून. आता नीट ऐका, यातली एक गोष्ट आपण कौतुकाने सांगायला हवी. डॉक्टरी, विज्ञान, कायदा हे सगळं भारतीय भाषेत शिकवता येतं, हे उस्मानियाने करून दाखवलं. त्यासाठी भाषांतराचं मोठं खातं उभं केलं. पण ती भाषा दहातल्या नऊ जणांच्या घरची नव्हती. परभणीच्या शेतकऱ्याचा पोरगा असो, रायचूरचा असो की नलगोंड्याचा, वर शिकायचं तर आधी उर्दू. कोर्टात, कचेरीत गेलं तरी तेच. भाषा चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. सरकारचा कागद आपल्याला वाचता येतो का, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे परत परत येणार आहे.

मग लोकांनी काय केलं? इथे एक प्रसंग सांगतो, आपल्याला जरा टोचेल. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबाद शहरात समाजसुधारणा परिषद भरली. जागा विवेकवर्धिनी, म्हणजे आपल्या मराठी माणसांचीच संस्था. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणं झाली, लोकांनी ऐकून घेतली. मग अलमपल्ली वेंकटराम राव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत गोंधळ झाला, हुर्यो उडवली गेली. ज्या राज्यात निम्मी माणसं तेलुगू बोलतात, तिथे सुधारणेच्या सभेत तेलुगूची टर! तेलुगू मंडळी तिथून उठली आणि त्यांनी आंध्र जनसंघ काढला. त्याचीच पुढे आंध्र महासभा झाली, आणि तेलंगणाच्या सगळ्या राजकारणाची मुळं तिथे जातात.

ही गोष्ट तेलंगणात शाळकरी मुलांनाही माहीत असते. आपल्याकडे ती सांगितली जात नाही. सांगायला हवी. कारण आपली भाषा हिणवली की काय वाटतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पुढे मराठी भागात महाराष्ट्र परिषद उभी राहिली. तिचं पहिलं अधिवेशन १९३७ ला परतूरला झालं. कन्नड भागातही परिषद झाली. सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. म्हणून या परिषदा भाषेच्या, वाचनालयांच्या, शिक्षणाच्या नावाने चालायच्या आणि राजकारणाचं काम करायच्या. १९३८ ला तिन्ही भाषांची माणसं एकत्र आली नि स्टेट काँग्रेस काढायची ठरली. स्थापना व्हायच्या आधीच निजाम सरकारने बंदी घातली. मग सत्याग्रह झाला. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानियाच्या मुलांना काढून टाकलं, ती नागपूरला जाऊन शिकली. त्यांत एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे देशाचा पंतप्रधान झाला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याने तेलुगूत नेली.

आणि या चळवळीचे पुढारी कोण? स्वामी रामानंद तीर्थ. जन्म सिंदगीचा, ते गाव आज कर्नाटकात. शिक्षक म्हणून काम हिप्परग्याला नि अंबाजोगाईला, म्हणजे आज महाराष्ट्रात. नेतृत्व तिन्ही भाषकांचं. स्वामीजी मराठी की कन्नड, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आजची सीमा त्यांच्या चरित्राच्या मधून जाते.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद भारतात नव्हतं. २९ नोव्हेंबरला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. ते वर्ष भयंकर गेलं. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. हजारो लोक सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेडकडे आले. तिकडे कन्नड मंडळींची छावणी मुंडरगीला होती, तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. आणि हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक ‘इमरोज’ या उर्दू दैनिकात लिहीत होता की भारतात सामील व्हा, जनतेचं राज्य येऊ द्या. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रात्री रस्त्यात गाठून मारलं. उर्दू म्हणजे निजाम, मुसलमान म्हणजे रझाकार असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर हे नाव सांगा.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं. मुख्य फौज सोलापूरहून, नळदुर्गावरून. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. पाच दिवस. लोक त्याला आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

आपल्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. मी म्हणतो, खरी इथे सुरू होते.

पहिली गोष्ट, सूड. रझाकारांच्या अत्याचाराचा हिशेब ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांकडून वसूल केला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल नि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीला पाठवलं. त्यांच्या अहवालाचा अंदाज आहे की कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं गेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. मुक्तीचा दिवस साजरा करताना हेही म्हणावं लागेल. आनंद खरा होता, रक्तही खरं होतं.

दुसरी गोष्ट, कारभार. आधी लष्करी गव्हर्नर आले, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. जहागिरदारी गेली, हे मोठं काम झालं. मग वेलोडी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री. निवडून आलेलं पहिलं सरकार १९५२ ला, बुर्गुल रामकृष्ण रावांचं. या काळात उर्दू कचेऱ्यांत बाहेरचे अधिकारी आले, मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून. उस्मानियात उर्दू गेली आणि तिच्या जागी आली इंग्रजी. बघा गंमत. लोकांना वाचता न येणारी एक भाषा गेली, दुसरी आली. आणि ज्यांनी उर्दू शिकून नोकऱ्या धरल्या होत्या ते स्थानिक, मग ते हिंदू असोत की मुसलमान, एका रात्रीत निरक्षर ठरले. १९५२ लाच ‘मुलकी’ आंदोलन पेटलं. बाहेरच्यांना नोकऱ्या का, असं म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले. हैदराबादेत गोळीबार झाला, माणसं दगावली. विलीनीकरणाला चार वर्षं होत नाहीत तोवर!

तिसरी गोष्ट, वाटणी. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ ला आला. मराठी जिल्हे मुंबईकडे, कन्नड जिल्हे कर्नाटकाकडे, आणि उरलेलं हैदराबाद राज्य तेलंगणाचं. आयोगाने अख्खा बीदर जिल्हा या उरलेल्या हैदराबादेत ठेवायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात कायदा झाला तेव्हा बीदरचे तीन तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. १ नोव्हेंबर १९५६. एकाच जिल्ह्याच्या लोकांनी सकाळी उठून पाहिलं तर राजधान्या तीन, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद. सोयरीक उदगीरला, बाजार बीदरला आणि कोर्ट तिसरीकडे, असं कित्येक घरांचं झालं.

भाषावार राज्य चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. कचेरीत आपली भाषा यावी म्हणूनच ती मागणी होती, आणि ती रास्त होती. पण रेघ कुठेही ओढा, दोन्ही बाजूंना कुणीतरी राहणारच. भालकीत मराठी राहिले, तसे अक्कलकोट नि जतमध्ये कन्नड राहिले, देगलूरकडे तेलुगू राहिले. आपल्या ८६५ गावांच्या मागणीत बीदर-कलबुर्गीकडची गावंही आहेत. तो दावा न्यायालयात आहे, तो तिथे लढला जाईल. पण निकाल येईपर्यंत तिथल्या पोराने काय करायचं? आणि निकाल काहीही लागला तरी जे कुणी रेघेपलीकडे उरतील त्यांनी काय करायचं?

याचं उत्तर तेव्हाच्या लोकांनी काही प्रमाणात लिहून ठेवलंय. मोबाइलवर टिपून घ्या.

एक. संविधानाचं कलम ३५०. आपली तक्रार, आपलं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीत अर्ज दिला म्हणून साहेब तो परत करू शकत नाही.

दोन. कलम ३५० क, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून आलेलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा. त्याचंच भावंड ३५० ख, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. १९४९ पासूनचं मापही ठरलेलं आहे. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यायचा.

तीन. केंद्राचं १९५६ चं निवेदन. तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ ते २० टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही काढायचे.

यातलं बरंचसं ‘प्रयत्न करावा’ असं आहे, ‘केलंच पाहिजे’ असं नाही. त्यामुळे मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपण जाणतो. पण मागायला आधी माहीत तर हवं.

आता शेवटचा मुद्दा. हैदराबादचे तीन तुकडे झाले. तिन्ही तुकड्यांसाठी पुढे संविधानात वेगळी तरतूद करावी लागली. मराठवाड्यासाठी कलम ३७१, तेलंगणा ज्यात होता त्या आंध्र प्रदेशासाठी १९७३ ला ३७१ घ, आणि बीदर-कलबुर्गी-रायचूरकडच्या जिल्ह्यांसाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ ञ. म्हणजे सैन्य परत गेल्यावर साठ वर्षांनीही देश कबूल करत होता की हा भाग अजून पुरता सामावला गेलेला नाही. आणि ३७१ ञ चं आरक्षण त्या भागात जन्मलेल्या किंवा तिथल्या रहिवाशांना आहे, भाषा बघून नाही. भालकी-औरादच्या मराठी पोरांनो, ते तुमचंही आहे. दाखला काढा, अर्ज करा.

जमीन पाच दिवसांत सामील होते मित्रांनो. माणूस सामील होतो तो कचेरीच्या भिंतीवरची नोटीस त्याला वाचता येते तेव्हा. ही मोजपट्टी आपण बेळगावात लावतो, लावायलाच हवी. तीच अक्कलकोटच्या कन्नड शाळेलाही लावूया. १९२१ च्या त्या सभेतल्यासारखी हुर्यो आपल्या तोंडून कुणाच्या भाषेची निघू नये. नाहीतर आपली मागणी हक्काची राहत नाही, नुसती संख्येची होते.

एक काम देतो. बीदर, आळंद, उदगीरकडे तुमची सोयरीक असेल तर तिथल्या आजी-आजोबांना विचारा, घरचे जुने जमिनीचे कागद कुठल्या लिपीत आहेत. मोडी निघेल, उर्दू निघेल, कन्नड निघेल. फोटो काढा, पुढच्या वर्गाला घेऊन या. वाचायला ज्याची मदत लागेल त्याच्याकडे, मग तो उर्दू शाळेतला शिक्षक असो की कन्नड, आपण सगळे मिळून जाऊ.

आता तुमचे प्रश्न घेऊया.