काळ्या फत्तरावरची चार चाकं



मागच्या दिवाळीनंतर बदलापूरच्या पलीकडच्या एका पाड्यावर गटाची महिन्याची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, आणि वही मिटता मिटता अध्यक्ष ताई म्हणाल्या, "ताई, एक विषय राहिलाय."

विषय असा होता. एक माणूस पाड्यावर येऊन गेला होता. त्याला डोंगराच्या पायथ्याचा माळ भाड्याने हवा होता. तिथे तो क्वाड बाइक चालवणार होता. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याचे लोक येतील, गाडीवर बसून डोंगर बघतील, 'ज्वालामुखीची सफर' असा बोर्ड लागेल आणि नाश्ता-जेवणाचं काम गटाला मिळेल, असं तो सांगून गेला. आठवड्यात सह्या करा म्हणाला.

बायकांचे दोन प्रश्न होते. क्वाड बाइक म्हणजे काय? आणि आपल्याकडे ज्वालामुखी आला कुठून? एका मावशींचा तिसरा प्रश्न होता, "आणि गुरं कुठं न्यायची?"

मी म्हटलं, सही करण्याआधी आपण गिऱ्हाईक होऊन बघू. मग आम्ही नऊ जणी, आपापले पैसे काढून, अशी सफर आधीपासून चालते त्या एका शेतावर गेलो. आज त्या सफरीबद्दलच सांगायचं आहे, कारण असा माणूस उद्या तुमच्याही गावात येईल.

आधी गाडी. क्वाड बाइक म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. बसायचं मोटारसायकलसारखं, हॅन्डलही तसंच, पण रेस मूठ पिळून द्यायची नाही. उजव्या अंगठ्याखाली एक छोटा दांडा असतो, तो दाबला की गाडी पळते. चार चाकं आहेत म्हणून ती पडणार नाही असं वाटतं, आणि घात तिथेच होतो. गाडीचं वजन दोनशे-तीनशे किलो. आडव्या उतारावर ती कलंडली तर माणूस खाली आणि गाडी वर. म्हणून चढताना अंग पुढे झुकवायचं, उतरताना मागे न्यायचं, वळताना वळणाच्या आतल्या बाजूला भार द्यायचा. घाबरून अंगठा आवळला तर गाडी थांबत नाही, उलट सुटते. हे सगळं आम्हाला गाडी सुरू करण्याआधी सपाट जागेवर दहा मिनिटं शिकवलं. जिथे हे शिकवत नाहीत तिथे बसू नका.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. पदर, ओढणी, सुटे केस. चाक उघडं असतं, पदर त्यात गेला की गळ्याशी येतो. आमच्यातल्या पाच जणी साडीत होत्या. मावशींनी तिथल्या तिथे काष्टा घातला, पदर कमरेला करकचून खोचला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि म्हणाल्या, "लावणीला उतरतो तशीच आहे, फक्त डोक्यावर इरल्याऐवजी हे भांडं." बाकीच्या चौघींनीही तेच केलं. एका गाडीवर एकच जण, असा तिथला नियम होता. लहान मुलाला पुढ्यात बसवून फोटो काढणारे आपण पाहतो. मोठ्यांच्या गाडीवर मूल बसवणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणं.

पुढे वाट दाखवणाऱ्या मुलाची गाडी, मागे आमच्या रांगेने. तो मुलगा शेजारच्याच वाडीचा. शेतं झोडून रिकामी झाली होती, गवत पिवळं पडलं होतं. पहिली पाच मिनिटं मी फक्त अंगठा आणि ब्रेक बघत होते. मग मान वर केली. मलंगगड, तावलीचा डोंगर, नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, आणि मागे माथेरानचा सपाट माथा. लोकलच्या खिडकीतून मी हे डोंगर रोज बघते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या पायाशी गेले.

एका कोरड्या ओढ्याशी त्या मुलाने सगळ्यांना उतरवलं. ओढ्याने काठ कापला होता. खाली काळ्या खडकाचा थर, त्यावर हातभर लाल मातीची पट्टी, त्यावर पुन्हा काळा थर. काळ्या खडकात बारीक बारीक भोकं, काहींमध्ये पांढरे चमकदार खडे. तो म्हणाला, "हा दगड एके काळी पातळ होता, ताई. घावन टाकल्यावर जाळी पडते ना, तशी ही जाळी आहे."

इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बी.ए. झालेली, पण दगडांचं काही शिकलेली नाही. घरी येऊन वाचून काढलं, ते तुम्हाला सांगते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एकच निमुळता डोंगर आणि त्याच्या तोंडातून आग, असं इथे बहुतेक ठिकाणी नव्हतं. रस भेगांतून वर यायचा आणि पसरायचा. एक लोट थंड झाला की त्यावर दुसरा. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला, तर खालच्या थराची वरची बाजू ऊन-पावसाने कुजून माती व्हायची. मग वरून नवा लोट यायचा आणि ती माती दबून भाजून निघायची. ओढ्यातली लाल पट्टी ती हीच. रस थंड होताना त्यातली वाफ आणि वायू अडकून राहिले, त्यांची भोकं झाली. पुढे पाणी झिरपून भोकांमध्ये पांढरे खडे तयार झाले. असे थरावर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाने झाकलेला आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी २ किलोमीटरच्याही वर जाते. या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. आपण काळा फत्तर म्हणतो.

म्हणजे चंदेरीचा सुळका किंवा मलंगगड हे ज्वालामुखीचं तोंड नाही. सगळीकडे पसरलेले हे थर लाखो वर्षं पावसाने आणि नद्यांनी कापले. मऊ भाग वाहून गेला, कठीण भाग उभा राहिला, ते आपले डोंगर. आणि घाबरू नका, ही आग कधीच विझली आहे. उद्या कोणी तुमच्या गावात 'ज्वालामुखीचं तोंड दाखवतो' म्हणून पैसे मागितले, तर त्याला ओढ्यातला थर तुम्हीच दाखवा.

हा दगड आपल्याला नवा थोडाच आहे? अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं. ते याच काळ्या पाषाणाचं. आपल्या आज्यांची जाती याच दगडाची, आणि घरातला पाटा-वरवंटाही. मावशींनी तो खडक हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण आयुष्यभर ज्वालामुखीवर मिरची वाटली."

आम्ही खूप हसलो. पण परत येताना मावशींनीच खाली बोट दाखवलं.

जिथे गाड्यांची आखलेली वाट होती तिथे ठीक होतं. पण हौशी लोकांनी वाट सोडून माळावर गाड्या घातल्या होत्या, तिथे चाकोऱ्या पडल्या होत्या. आपल्या माळावर माती असते किती? कुठे वीतभर, कुठे चार बोटं, खाली सगळा कातळ. चाकांनी गवत गेलं की माती उघडी पडते. पावसाळ्यात पाणी चाकोरीतूनच पळतं, माती धुऊन नेतं आणि खालच्या खाचरात गाळ आणून टाकतं. एका बांधाची कडही ढासळली होती. मावशी म्हणाल्या, "पाटा झिजला तर टाकी लावून घेता येते. माळ झिजला तर त्याला टाकी कोण लावणार?"

दुसरी गोष्ट पाण्याची. कातळ पाणी लवकर पीत नाही. डोंगरावर पाऊस पडला की ओढे बघता बघता भरतात. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी डोळ्यांनी पाहिलं. आगगाडी अडकते तिथे चारचाकी मोटारसायकलची काय कथा? पावसाळ्यात ओढ्यातून गाड्या घालायच्या नाहीत, हे लिहून घ्यायलाच हवं.

तिसरी गोष्ट उताराची. २०२३ च्या जुलैमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुसळधार पावसात डोंगराची माती कशी घसरते, ते आपण तेव्हा पाहिलं. गाड्यांसाठी रस्ता काढायला कोणी उतार खोदू लागला, तर गप्प बसू नका.

मग काय करायचं? नाहीच म्हणायचं का? आमच्या पाड्यावर यावर दोन बैठका झाल्या. एक सूनबाई म्हणाली, "माझा नवरा रोज अंबरनाथला कंपनीत जातो, रात्री नऊला येतो. इथेच काम मिळत असेल तर मला हवंय." तिचंही खरं आहे. म्हणून आम्ही होय-नाहीच्या आधी प्रश्नांची यादी केली. ती तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, जमीन कोणाची? सातबारा काढून बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी माणसाला भाडेपट्ट्याने द्यायची, तर पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. नुसत्या कोऱ्या कागदावरच्या सह्यांनी काही होत नाही. वनजमीन असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय चाक घालता येत नाही. गुरचरण असेल तर विषय ग्रामसभेत गेला पाहिजे.

दुसरा, धंद्याची नोंदणी आहे का? राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असे खेळ चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो कागद दाखव म्हणा. विमा आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, हेही विचारा. या गाड्या गावच्या डांबरी रस्त्यावर चालवायच्या नसतात, हेही त्याला ठाऊक आहे का ते बघा.

तिसरा, वाट कुठून? दगडाच्या खुणा घालून एकच वाट ठरवा. बांध, ओढा, विहीर, देवाची जागा आणि गुरांचं रान सोडून.

चौथा, वाट दाखवणार कोण? आपल्याच पोरा-पोरींना शिकवून घेणार असेल तर काम. ज्याला लाल पट्टी कुठे दिसते आणि पाणी कुठून येतं हे माहीत आहे, तोच खरा वाटाड्या. आणि त्याला रोज किती, गटाला ताटामागे किती, पैसे कधी, हे सगळं कागदावर.

आणखी एक गोष्ट आम्ही मोजली. सफरीत सगळ्यात जास्त वेळ आम्ही कुठे थांबलो? ओढ्याशी. गाडीवर नाही. ज्यासाठी माणसं येतील ते डोंगर आणि तो दगड आपल्या दारात आहे. ते पायी चालूनही दाखवता येतं, आणि वर पिठलं-भाकरी, नाचणीचे पापड. कृषी पर्यटनाचं धोरण २०२० पासून आहे. महिलांसाठी २०२३ मध्ये 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाच्या परताव्याची सोय ठेवली आहे. अटी नीट वाचा, बँकेत दोघी-तिघी मिळून जा. गटाने कर्ज काढायचं की नाही हे नंतर ठरवा, पण अशी दारं आहेत हे माहीत असू द्या.

आमच्या पाड्याने शेवटी काय ठरवलं? चढाचा माळ आणि ओढा द्यायचा नाही. रस्त्याजवळच्या सपाट तुकड्यापुरतं बोलायचं, तेही कागद बघून आणि एका हंगामापुरतं. आणि दगड दाखवायचं काम गटातल्या दोन मुली करणार. त्या माणसाला तसा निरोप दिला. तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. पण मुलींनी वाट बघत बसायचं ठरवलेलं नाही. मागच्या रविवारी त्यांनी शाळेच्या पोरांना ओढ्याशी नेलं आणि लाल पट्टी दाखवली. पोरांनी भोकं मोजली.

आणि मला कोणी विचारलं, गाडी कशी वाटली, तर खरं सांगते. मजा आली. मावशींनाही आली. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा बसेन, पण त्यांच्या वाटेवर." तुमच्या गावात कोणी सही मागायला आलं, तर आठवड्याची घाई करू देऊ नका. आधी गिऱ्हाईक होऊन बघा, मग बैठक घ्या, मग पेन उघडा.