मुलींसाठी नेट कोण उतरवतं?



कॉलेजच्या व्हॉलीबॉलमध्ये कुणाचं पारडं जड, हे देश बदलला की उलटतं. अमेरिकेत पंचाईत मुलग्यांची आहे. 1972 साली तिथे 'टायटल नाइन' कायदा आला आणि कॉलेजांना मुलींनाही बरोबरीची संधी देणं भाग पडलं. मुलग्यांच्या वाट्याच्या शिष्यवृत्त्या त्यांच्या त्या फुटबॉलने आधीच खाल्लेल्या. तोल साधायला मुलींचे व्हॉलीबॉल संघ निघाले. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत कित्येक वर्षं मुलींच्या संघाला 12 शिष्यवृत्त्या, मुलग्यांच्या संघाला साडेचार. त्याही वाटून घ्यायच्या! 30 ऑगस्ट 2023 रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना बघायला 92,003 माणसं लोटली होती.

आपल्याकडे कागदावर तक्रारीला जागा नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा मुलांची होते तशी मुलींचीही होते. पण संघ आणायचा कुठून? रायपूरभोवतीच्या आरंग, अभनपूर, तिल्द्याकडचा मुलगा कॉलेजात येतो तो बराचसा तयार होऊनच. गावात दोन बांबू, एक नेट, आणि संध्याकाळी मोठ्यांच्यात घुसून शिकलेला. कुणी चेंडू उठवून देणारा लिफ्टर, कुणी तो मारणारा शूटर. त्याच गावची मुलगी बहुधा चेंडूला पहिल्यांदा हात लावते ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. लालबुंद झालेले हात सरावाला येईपर्यंत निवड चाचणी उरकलेली असते. मग आपण म्हणायला मोकळे, की मुलींना आवडच नाही.

त्यात नेट. पुरुषांचं 2.43 मीटरवर, स्त्रियांचं 2.24 वर. मैदान एकच असलं की मुलांचा सराव आटोपेपर्यंत अंधारून येतं आणि ते 19 सेंटिमीटर खाली घ्यायला कुणी थांबत नाही. मुली उंच नेटवरच चार चेंडू मारतात, स्मॅश काही बसत नाही, घरी जातात. दोरी सोडून पुन्हा ताणायला असा कितीसा वेळ लागतो हो?

आवडच नाही म्हणावं, तर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा पहिला सांघिक खेळ व्हॉलीबॉलच, टोकियो 1964. सुवर्णपदक जपानच्या मुलींनी घेतलं, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच कापड कंपनीच्या संघातल्या होत्या. कारखान्याचा विषय निघालाच आहे तर पोलाद कारखान्याच्या भिलाईचं बघा. खेळ बास्केटबॉलचा, पण मुली आपल्याच. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी त्यांना घडवलं आणि छत्तीसगडने एकामागून एक राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. मैदान हक्काचं, सराव रोजचा, आणि पुढे रेल्वेतली नोकरी डोळ्यांसमोर. भिलाईचे आईबाप रायपूरच्यांपेक्षा फार पुढारलेले होते, असं मला तरी वाटत नाही.

व्हॉलीबॉलच्या मुलींना पुढचं असं काय दिसतं? 2022 साली प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, तीही फक्त पुरुषांची.

सभागृहात कॉलेजांचे क्रीडाधिकारी असतील, त्यांना एवढंच सांगतो: मैदान एकच असेल तर चार ते साडेपाच मुलींना द्या. मुलगे नंतर दिव्याखाली खेळतील. आणि प्रवेशाची वाट न बघता आठवी-नववीच्या वर्गांत जाऊन मुली हेरा. कॉलेजात आल्यावर शोधू म्हणाल, तर उशीर झालेला असेल.