सात जोडपी, नवगाव आणि आजीचा बिंबराजा

वसईहून बोलतोय. मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ज्यू लोकांचे पूर्वज. बायबलमधली वंशावळ सरळ आहे. अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, इसहाकाचा याकोब. याकोबालाच पुढे इस्रायल हे नाव मिळालं. 'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची लेकरं. आणि ही लेकरं कुठे सापडतात? आपल्या अलिबागकडे! पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी, घरात मराठी बोलणारी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून. दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर.

त्यांची कथा अशी. नवगावजवळ गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं, आज तिथे स्मारक आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. लक्षात राहिलं ते शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर हे सगळं इसवी सनापूर्वी 175 च्या आसपास नेतात. हनुका हा सण सुरू झाला त्यानंतर साधारण दहा वर्षांनी, आणि यांना तो माहीत नव्हता. तर्क छान आहे, पण सण विसरलाही जाऊ शकतो ना!

2016 मध्ये त्यांच्या जनुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतले ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्हींचा मोठा वाटा निघाला. मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांतलं. "बघा, कथा खोटी!" असं लगेच म्हणू नका. आमच्या भाषेत सांगायचं तर ही तारीख दोन ब्रँच मर्ज झाल्याची आहे, प्रोजेक्ट सुरू झाल्याची नव्हे.

मला थांबवलं ते पुढच्या ओळीने. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलाय, स्थानिक वाटा बायकांकडून. म्हणजे कथेतल्या सात बायकांसोबत इथल्या, आपल्या कोकणातल्या आयाही या वंशाच्या मुळाशी आहेत. त्यांना कथेत जागा नाही. गंमत बघा, डेव्हिड रहाबी हे ज्यू आहेत का ते तपासायला आला, तेव्हा त्याने बायकांपुढेच मासळी ठेवली म्हणतात. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी बाजूला काढली. परीक्षेला बायका, वंशावळीत पुरुष!

हे जुनं गाऱ्हाणं नाही. ज्यू धर्मात वंश आईकडून मोजतात. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायलांची लग्नं लावताना आई, आजी, पणजी तपासा. मुंबई-ठाण्याहून गेलेल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. शेवटी 1964 मध्ये तिथल्या संसदेने हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं.

आम्ही वाडवळ. आजी सांगायची, आपण बिंबराजाबरोबर आलो. इंजिनीअरिंगला असताना मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "पुरावा काय?" ती म्हणाली, "तुझ्या पणजोबांनी सांगितलं ना, मग?" मी हसलो. ती पुढे त्या विषयावर कधी बोललीच नाही.

आता विचारायचं होतं की राजाबरोबर बायका किती आल्या, आणि इथल्याच किती होत्या. आजी नाहीये.

चला, पुढच्या भागात भेटू.