खर्ज कोठे गेला?



या व्यासपीठावरून आपण आजवर राज्यकारभार, वेदान्त, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर ऐकत आला आहात. आमचा विषय त्या मानाने दिवाणखान्यातला आहे. पण ज्या गोष्टीने घरची शांतता भंगते ती क्षुल्लक म्हणता येत नाही.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी आम्हांस एक स्पीकर भेट दिला. आकार नारळाएवढा, तार नाही. मोबाईलवर बोट टेकवले की गाणे सुरू. आम्ही मोठ्या कौतुकाने एक ख्याल लावला. शेजारचे तबल्याचे मास्तर चहाला आले होते. त्यांनी दोन आवर्तने ऐकली आणि विचारले, "अहो, या तबलजीचा डावा हात दुखावला आहे काय?" डग्ग्याची घुमार मुळी उमटतच नव्हती. ऐकू येत होती ती चाटी, आणि डग्ग्याच्या जागी नुसती टपटप.

१९७८ साली पगारवाढीच्या पैशांतून आम्ही रेकॉर्डप्लेअर आणि दोन लाकडी पेट्या घेतल्या होत्या. प्रत्येक पेटीत ८ इंची कागदी शंकू. जागा फार अडते म्हणून त्या माळ्यावर गेल्या होत्या. मास्तर गेल्यावर आम्ही त्या खाली काढल्या, तोच ख्याल लावला, आणि तंबोऱ्याचा खर्ज खोलीत परत आला.

ही केवळ म्हाताऱ्याची हळहळ नव्हे. यात हिशेब आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८ कंपनांचा, म्हणून त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा. स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच मोठा ऐकवण्यासाठी चौपट हवा हलवावी लागते. आता ८ इंची शंकूचे क्षेत्रफळ २ इंचीच्या १६ पट. मोठा शंकू जे काम १ मिलिमीटर हलून करतो, त्यासाठी धाकट्याने १६ मिलिमीटर हलले पाहिजे. तेवढी धाव त्या नारळात कोठून असणार? मग आतली यंत्रणा युक्ती करते. आवाज वाढवत न्यावा तसा ती खर्ज हळूच कापत जाते, नाही तर शंकू फाटेल. आपला कानही तिला सामील होतो, कारण वरचे उपस्वर ऐकून तो खालचा मूळ स्वर मनानेच भरून काढतो. त्यामुळे तंबोरा आहे असे वाटते, परंतु छातीला जाणवत नाही.

सगळा दोष आजच्या कारागिरांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली फिरत्या वेटोळ्याचा स्पीकर मांडला. तत्त्व आजही बहुतांशी तेच आहे. लहान खोक्यातून खर्ज काढण्याची विद्या अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ सालीच दाखवली. बंद पेटीतली हवाच त्यांनी स्प्रिंगसारखी वापरली. मोबदल्यात विजेची शक्ती पुष्कळ जास्त लागू लागली. पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी पेटीचे गणितच मांडले. आमच्या तरुणपणी कित्येक पेट्या सुतार अंदाजाने ठोकत, आणि त्यांतल्या बऱ्याच पिंपासारख्या घुमत, हेही कबूल केले पाहिजे. आज चांगला मोठा स्पीकर पूर्वीपेक्षा सरस बनतो. तो घरात शिरत नाही, एवढेच.

स्टीरिओचीही तीच गत. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा मुद्दा हा होता, की डावा आणि उजवा स्पीकर दूर असावेत व ऐकणाऱ्याने त्यांच्यासमोर मध्यावर बसावे. आता दोन्ही वीतभर अंतरावर एकाच डब्यात बसवतात आणि वर 'स्टीरिओ' छापतात! पातळ टीव्हीला तर समोर तोंड काढायलाही जागा नसते. आवाज खाली किंवा मागे सुटतो आणि भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. नाटकातले संवाद नीट कळत नाहीत म्हणून ज्येष्ठ मंडळी आवाज वाढवतात, सुना कमी करतात. हे भांडण स्वभावाचे नसून पुष्कळदा जाडीचे असते.

दुरुस्तीचे विचाराल, तर आमच्या एका पेटीचा शंकू उंदराने कुरतडला होता. गल्लीतल्या कारागिराने दोन दिवसांत नवा कागद आणि नवे वेटोळे बसवून दिले. पुढे नारळातली बॅटरी मंदावली, तेव्हा त्याच कारागिराने तो उलटसुलट करून पाहिला व म्हणाला, "काका, याला स्क्रूच नाही, उघडू कुठून?"

चिरंजीवांचे मन मोडू नये म्हणून तो नारळ आम्ही बातम्यांसाठी ठेवला आहे, आणि मोबाईलचे गाणे एका लहानशा ॲम्प्लिफायरमधून जुन्या पेट्यांना जोडले आहे. नातवाला आता डग्गा ओळखता येतो.

त्या दोन्ही पेट्या आणि तो नारळ आम्ही आज रिक्षात घालून येथे आणले आहेत. आभारप्रदर्शनानंतर एकच ख्याल दोन्हींवर लावू. ज्यांना सवड असेल त्यांनी पुढच्या रांगांत, मध्यावर येऊन बसावे.