अध्ययन, विस्मरण आणि भय

(श्रीमठाच्या वर्धापन महोत्सवात पाठशाळेच्या सभेत झालेले भाषण)

 

महोत्सवाच्या प्रसंगी पाठशाळेच्या यशाचे वर्णन व्हावे, किती विद्यार्थ्यांची संहिता पूर्ण झाली, किती क्रमान्त व किती घनान्त झाले याची गणना व्हावी, हे योग्यच आहे. परंतु प्रत्येक पाठशाळेच्या इतिहासात आणखी एक गणना असते आणि ती कोणत्याही अहवालात छापली जात नाही. अध्ययन मध्येच सोडून, ट्रंक उचलून घरी परतलेल्या मुलांची ती गणना होय. त्यांच्यापैकी कित्येकांची बुद्धी मंद नव्हती आणि वाणीही अशुद्ध नव्हती. 'माझ्या डोक्यात काही राहत नाही' या एका समजुतीने त्यांना घरी नेले. ही समजूत कशी उत्पन्न होते, तिच्याविषयी शास्त्रात काय सापडते आणि पाठशाळेने अशा वेळी काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी दक्षिण गोव्यातील एका खेड्यातून आलेला चौदा वर्षांचा एक विद्यार्थी पाठशाळेत होता. घरी कोकणी, शाळेच्या पुस्तकांत मराठी आणि पाठशाळेत संस्कृत, अशा तीन भाषांत त्याचा दिवस जाई. पहिल्या वर्षी त्याची प्रगती इतकी उत्तम होती की संध्याकाळच्या उजळणीस लहान मुलांना त्याच्याजवळ बसवीत. दुसऱ्या वर्षी चातुर्मासात श्रीमठात पारायण चालू असता एका सूक्ताचा आरंभ त्याला करावयास सांगितला. समोर पहिल्या ओळीत त्याचे वडील बसले होते. तिसऱ्या ऋचेच्या उत्तरार्धात तो अडला. पुढचे पद येईना. सभेतून कोणी तरी ते सुचविले, पण तेही त्याच्या कानांत शिरले नाही. शेजारच्या विद्यार्थ्यांनी सूक्त पुढे चालविले, पारायणात खंड पडला नाही, आणि ती गोष्ट तेथेच संपली असे सर्वांस वाटले.

मुलाच्या मनात मात्र ती संपली नव्हती. त्या दिवसापासून सर्व निजल्यावर तो जिन्याखालच्या दिव्याजवळ पोथी उघडून बसू लागला. अर्धी ऋचा म्हणावी, लगेच पोथीत पाहून खात्री करावी, पुन्हा म्हणावी, पुन्हा पाहावे, असे मध्यरात्र उलटेपर्यंत चाले. पोथीशेजारी नववीचे गणिताचे पुस्तकही उघडे असे, कारण तिकडेही मागे पडल्याची धास्ती होतीच. सकाळी संथेच्या वेळी गुरुजींचा शब्द कानांवर पडे, पण मन तिसऱ्या ऋचेपाशी गुंतलेले असे. नवी संथा बसेना, जुनी निसटू लागली. म्हणताना हात कापत, श्वास अपुरा पडे. रविवारी घरी बोलण्यासाठी मोबाईल हाती मिळे तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न 'किती अध्याय झाले?' असा असे. एका अध्यापकांनी सर्वांदेखत 'याचे लक्ष कोठे गहाण पडले आहे कोण जाणे' असे म्हटले. मुले हसली. हसणे निर्मळ होते, तथापि ऐकणाऱ्याला ते तसे वाटले नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय मोजले आहेत आणि त्यांच्याबरोबर येणारी चार लक्षणे सांगितली आहेत. दुःख, मनाचा खिन्नपणा, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अनियमितता, ही ती चार होत. जिन्याखाली बसलेल्या त्या मुलाच्या ठिकाणी ही चारही होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पतंजली यांना अंतराय म्हणतात, पाप म्हणत नाहीत. अंतराय म्हणजे वाटेतील अडथळा. अडथळा असणाऱ्याला वाट दाखवावयाची असते, त्याची निर्भर्त्सना करावयाची नसते. शिवाय त्या नवांतील पहिला अंतराय व्याधी हा आहे. चित्ताचा विचार करावयास बसलेला शास्त्रकारही आरंभ शरीरापासून करतो.

स्मृतीचा सूक्ष्म विचार न्यायशास्त्रात झाला आहे. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह आपल्या पाठशाळांतून लहान मुलांच्या हाती असतो. केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ते स्मरण, असे त्यात सांगितले आहे. परंतु संस्कार असला म्हणजे स्मरण होतेच असे नाही. त्या संस्काराला जागविणारे काही तरी लागते, त्याला उद्बोधक म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशी २० हून अधिक निमित्ते मोजली आहेत. चित्ताची एकाग्रता त्यात आहे, अभ्यास आहे, सादृश्य आहे, एकामागून एक येण्याचा क्रम आहे, आणि त्यातच भयही आहे. भय हे स्मरणाचे कारण आहे हे वाचून छडी हाती घेणाऱ्या एखाद्या अध्यापकाला आनंद होईल. पण वात्स्यायनांचे भाष्य पुढे वाचले पाहिजे. भयाने काय आठवते? ज्याचे भय वाटते ते आठवते. धडा आठवत नाही, छडी आठवते. ऋचा आठवत नाही, अडलेली जागा आठवते.

शिवाय नैयायिकांच्या मते मन अणुपरिमाण आहे. एका क्षणी त्याचा संयोग एकाच इंद्रियाशी होतो, म्हणून दोन ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. जो मुलगा एका कानाने संथा ऐकतो आणि मनात कालच्या फजितीची उजळणी करतो, त्याच्यापाशी संथेसाठी दुसरे मन शिल्लक नसते. मोबाईलवर निरोप पाहत पाहत अध्ययन करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांसही हेच लागू आहे. त्यांचे अवधान दुर्बल नसते, ते दुसरीकडे खर्च झालेले असते.

एके दिवशी पहाटे गुरुजी स्नानासाठी विहिरीकडे निघाले असता ओसरीवर ट्रंक बांधलेली दिसली आणि तिच्यावर तो मुलगा बसलेला होता.

"कोठे निघालास, बाळ?"

"घरी, गुरुजी. माझ्या डोक्यात काही राहत नाही."

"काहीच राहत नाही?"

"ती अडलेली जागा तेवढी राहते. झोपेतसुद्धा तीच दिसते."

गुरुजी कठड्यावर टेकले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे स्मरण आहे. ते भलत्या ठिकाणी जाऊन बसले आहे. पौर्णिमेपर्यंत थांब. नंतर जावेसे वाटले तर तिकिटाचे पैसे देईन."

मुलगा थांबला. त्या दिवशी संथा झाली नाही. गुरुजी त्याला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले, आणि डोळ्यांनाही चष्मा लागला. अर्थात हे सर्व रक्ताने घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु पतंजलींनी व्याधी प्रथम का घातली, याचे उत्तर त्या दिवशी पाठशाळेला मिळाले. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. कंप, अनिद्रा आणि धास्ती ही दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाहीत, किंवा मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखे बोलू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यास एक दिवसही विलंब करू नये. या सभेतील मातापित्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पाठशाळेच्या सूचनाफलकावर लिहिलेला आहे. तो फिरविण्यात कुलाची अप्रतिष्ठा होत नाही.

परत आल्यावर गुरुजींनी प्रथम दिवा काढून घेतला. साडेनऊ वाजता निजावे असा दंडक घातला. संथा निम्मी केली. पोथी कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांमध्ये लिहिलेले पाहून वाचणाऱ्याची गणना केली आहे. त्याचा अर्थ येथे उघड होतो. दर ओळीला पोथीत पाहणारा पाठ करीत नसतो, आपल्या संशयाची समजूत घालीत असतो. पाहून म्हटले की येते असे वाटते, आणि सभेत उभे राहिले की येत नाही.

ज्या ठिकाणी मुलगा अडत असे तो ऋगर्ध गुरुजींनी वेगळा काढला. त्याची पदे सुटी करविली, मग क्रम म्हणविला. पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे. मग मधल्याच पदावर बोट ठेवावे तसे ते पद सांगून 'येथून पुढे' असे म्हणावे. जटा, घन इत्यादी आठ विकृती मंत्राचे रक्षण करण्यासाठी आहेत, हे सर्वांना माहीत आहे. त्या पाठकाचेही रक्षण करतात, हे फारसे कोणी बोलत नाही. संहिता एकाच सुतात ओवलेली असते, सूत तुटले की मणी विखुरतात. क्रमात प्रत्येक पद मागच्याला आणि पुढच्याला दोनदा बांधलेले असते. अडल्यास मागे जाऊन पुन्हा धरता येते. हे कळल्यावर अडण्याची दहशत निम्मी ओसरते.

आवृत्तीचा क्रमही बदलला. एका रात्रीत पन्नास वेळा म्हणण्याऐवजी आज, उद्या, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पुढच्या पक्षात अशा आवृत्त्या झाल्या. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली, निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून, विस्मरण आरंभी वेगाने होते व पुढे मंदावते हे मोजून दाखविले. आवृत्त्या एकत्र करण्यापेक्षा विभागून केल्या तर श्रम वाचतात हेही त्याला आढळले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन प्रयोग केला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, एका आठवड्याने पाहता न पाहता आठवून काढणारे पुढे गेले. हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. त्यांनी असे आकडे मोजले नव्हते. मात्र पोथी मिटून म्हणावयाची रीत आपल्या हाती आहे, आणि ती रीत टाकून मुलांना पाने उलटावयास लावणे हा आजच्या अध्यापकांचा दोष आहे.

अनध्यायाचीही हीच गोष्ट. प्रत्येक पक्षात प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा अथवा अमावास्या या दिवशी नवी संथा नसते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात भोजन झाल्याबरोबर व अजीर्ण झाले असता अध्ययन करू नये असेही सांगितले आहे. या नियमांमागे धर्मदृष्टी आहे, ते आरोग्याचे धडे म्हणून लिहिलेले नाहीत. पण त्यांच्यामुळे विद्यार्थ्याला विसावा मिळत असे, यात शंका नाही. अलीकडे शाळेच्या परीक्षांमुळे अनध्यायाच्या दिवशीच इतर विषयांच्या जादा शिकवण्या घेतात. गुरुजींनी त्या मुलापुरत्या त्या बंद केल्या. त्यावर शाळेकडून कुरकुर झाली, ती त्यांनी ऐकून घेतली.

पाणिनीय शिक्षेत वर्णोच्चाराला वाघिणीचा दृष्टांत दिला आहे. ती पिलांना दातांत धरून नेते. पिलू पडेल याची तिला भीती असते आणि दात रुतेल याचीही. एवढेच सांगून शिक्षाकार थांबत नाहीत. त्याच ग्रंथात पाठाच्या दोषांमध्ये शंकित आणि भीत पाठ मोजला आहे, आणि पाठकाच्या सहा गुणांमध्ये माधुर्य व अक्षरांची स्पष्टता यांच्या पंक्तीला धैर्य बसविले आहे. स्वर चुकला तर अध्यापक तो दहा वेळा म्हणवून घेतात. धैर्य चुकले तर मात्र 'याचा स्वभावच भित्रा' असे म्हणून सोडून देतात. शिक्षेच्या दृष्टीने दोन्ही पाठाचेच गुणदोष आहेत, आणि दोन्ही शिकवावे लागतात.

गुरुजींनी धैर्य शिकविले ते असे. प्रथम एका ज्येष्ठ विद्यार्थ्यासमोर म्हणणे, मग तिघांसमोर, मग देवळात सायंकाळी, जेव्हा पुजारी आणि दोन-चार वृद्ध स्त्रिया तेवढ्या असतात. ऋगर्ध संपला की श्वास सावकाश सोडावयाचा. ज्येष्ठ विद्यार्थ्याने मध्येच मुद्दाम खाकरावे, भांडे पाडावे. आरंभी मुलगा चिडे, पुढे हसू लागला. अडले तर थांबून, मागचे अर्धे पुन्हा म्हणून पुढे जावयाचे, क्षमा मागावयाची नाही. वडिलांना गुरुजींनी एक विनंती केली. रविवारी 'किती झाले?' हे विचारू नका, 'जेवलास का?' हे विचारा. चार पिढ्या वेदाध्ययन असलेल्या घरातील ते गृहस्थ, त्यांना प्रथम राग आला. नंतर त्यांनी ते मानले.

पौर्णिमा आली आणि गेली. तिकिटाच्या पैशांविषयी कोणी बोलले नाही. पण सर्व काही लवकर सुधारले असे नाही. माघापर्यंत अधूनमधून हात कापत. शाळेच्या परीक्षेत त्या वर्षी गुण कमीच पडले. बरोबरीचे विद्यार्थी एक अध्याय पुढे गेले. निम्म्या संथेवर असल्याचे शल्य त्याला होते, आणि ते गुरुजींनी बोलून काढण्याचा प्रयत्न केला नाही.

पुढच्या चातुर्मासात त्याने पुन्हा सूक्ताचा आरंभ केला. वडील पुन्हा पहिल्या ओळीत होते. पाचव्या ऋचेत तो एकदा अडला, श्वास घेतला, मागचे अर्धे पुन्हा म्हटले आणि पुढे गेला. पारायणानंतर वडील गुरुजींना म्हणाले, "या वेळी कोठेच अडला नाही." गुरुजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून त्याची संथा पूर्ववत पूर्ण झाली.