शिसवी लांकूड

जुन्या घरांतून बिऱ्हाड हलूं लागलें म्हणजे पहिलें संकट येतें तें वडिलार्जित शिसवी कपाटावर. चार हमालांनाहि तें जिना उतरवेना. मग पडेल त्या किंमतीस तें जुन्या बाजारांत जातें. हा व्यवहार उरकण्यापूर्वीं त्या जडपणाचें मर्म जाणून घेणें इष्ट आहे.

शिसवीचें झाड सह्याद्रीच्या पानझडी रानांत वाढतें. शास्त्रीय भाषेंत त्यास डाल्बर्जिया लॅटिफोलिया म्हणतात. उत्तरेकडील शिसम हें त्याचें भावंड खरें, पण दोन्हीं लांकडें एक नव्हेत. वाळलेलें सागवान घनमीटरास सुमारें ६५० किलो भरतें, तर शिसवी सुमारें ८५०. शिसवीच्या पेशींच्या भिंती जाड व आंतील पोकळी कमी असते. त्यामुळें तें सहसा झिजत नाहीं आणि बारीक कोरीवकामाच्या कडा त्यांत शाबूत राहतात.

गाभा जांभळट तपकिरी, मधून काळ्या रेषांचा. त्यास वाळवी सहजीं लागत नाहीं. सालीलगतचें पांढुरकें लांकूड मात्र किडतें, म्हणून जाणता सुतार तें काढून टाकतो. हें लांकूड सावकाश वाळवावें लागतें. त्याच्या रेषा परस्परांत गुंतलेल्या असल्यामुळें रंधा जोरानें ओढल्यास पृष्ठभाग उचकटतो. छिद्रांतील चुनखडीसारखे क्षार पटाशीची धार बोथट करितात. म्हणून हत्यार वारंवार परजावें, कीस पातळ काढावा, आणि खिळा वा स्क्रू बसविण्यापूर्वीं गिरमिटानें भोंक पाडावें. भुसा नाकांत गेल्यास त्रास होतो. तोंडावर फडकें बांधणें हिताचें.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं याच लांकडाच्या कोरीव खुर्च्या व मेजें घडविलीं. मैसूरचें जडावकाम शिसवीवर चालतें. गिटारीच्या पाठीसहि तिला मान आहे. परंतु या मागणीपुढें रानें अपुरीं पडलीं. सन २०१७ पासून शिसवीच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वयें नियंत्रण आलें आहे. कपाटाजोगा गाभा धरण्यास झाडास कित्येक दशकें लागतात. लावणाराच्या हयातींत तो क्वचितच हातीं येतो.

म्हणून जुन्या कपाटाचे सांधे खिळखिळे झाले असतील तर ते उकलून, साफ करून पुन्हां सरसानें जोडून घ्यावे. पृष्ठभाग हलकेच घासून लाखेचें पॉलिश दिलें कीं मूळ रंग उठतो. कपाट जागेंत मावतच नसेल, तर त्याच्या फळ्यांतून लहान मेज किंवा पेटी करवून घ्यावी. सुताराची मजुरी द्यावी लागेल. परंतु तसें लांकूड बाजारांत पुन्हां मिळेलच, असा भरंवसा आतां कोणींहि धरूं नये.