शब्दांतले धाकटेपण

ज्या दिवेआगरास शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला, तेथील पोफळीच्या वाड्यांत शिंपणे करणारा साठीचा माणूसही घरच्या मुलांचा ‘गडी’च असे. खेळातल्या सोबत्याचाच हा शब्द! इंग्रजी अमलात पिकल्या केसांचा चाकर ‘बॉय’ राही. ‘ऑफिस बॉय’ तर अद्याप आहे. ‘नेव्ह’ म्हणजे मूळचा मुलगा. पुढे चाकर, अखेरीस लबाड. ‘इन्फंट’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘न बोलणारा’. आपला ‘कनिष्ठ’ तरी निराळा कोठे? वयाने लहान, तोच दर्जाने हलका. एकदा पोर ठरविले की त्याचे बोलणे पोरकट ठरते, मग ऐकतो कोण? माणसास नावाने व वयाच्या मानाने हाक मारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.